कपाटातला पहिला नंबर

मराठी मालिकेतला खलनायक ओळखायला डोळेसुद्धा लागत नाहीत. टीव्हीकडे पाठ करून मेथी निवडत बसलं तरी कळतं, कारण तो आला की वीज कडाडते, ढोल वाजतो आणि घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवला जातो. कोरियातल्या शाळेच्या मालिकांमध्ये ही सोय नाही. तिथे पहिले काही भाग खलनायक शोधण्यातच जातात. वर्गातला दांडगट मुलगा असेल म्हणावं, तर त्याला घरी बाप बडवतो. खडूस मुख्याध्यापक असेल म्हणावं, तर त्याला वरून निकालाची विचारणा. पैसेवाली आई असेल म्हणावं, तर तिच्या डोक्यावर सासू. जो तो आपल्या मागच्याकडे बोट दाखवतो आणि ही बोटांची रांग शेवटी जाऊन थांबते ती नोव्हेंबरातल्या एका गुरुवारपाशी.

त्या गुरुवारी 'सुनुंग' असते. १९९३ साली सुरू झालेली विद्यापीठ प्रवेशाची देशव्यापी परीक्षा. सकाळी बसायचं, संध्याकाळी उठायचं, आणि तेवढ्यात बारा वर्षांच्या शाळेचा हिशेब चुकता. हा खलनायक पडद्यावर येत नाही, बोलत नाही, त्याला कुणी गच्चीवरून ढकलू शकत नाही. एका नोव्हेंबरात संपला की पुढच्या नोव्हेंबरात ताजातवाना होऊन हजर. आपल्याही मालिकांमध्ये मेलेली माणसं परत येतात, पण निदान प्लास्टिक सर्जरी करून येतात.

आमच्याकडे कोरिया आला तो पुतणीच्या मोबाइलमधून. ईशाला त्या मालिकांमधले मुलगे आवडत. मोबाइलचा पडदा त्या मुलांच्या उंचीला पुरेना म्हणून ती टीव्हीवर आली, आणि टीव्ही दिवाणखान्यात असल्यामुळे अख्खं घर कोरियाच्या शिक्षणपद्धतीवर मत देऊ लागलं. वहिनींचा धाकटा सोहम नववीत आहे. त्यामुळे वहिनी मालिका बघतात तेव्हा ती करमणूक नसते, अभ्यासदौरा असतो. आमची आई ऐंशीच्या पुढची. तिला खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, पण गोष्ट सगळ्यांत आधी तिलाच कळते.

या मालिकांचा सरंजाम ठरलेला आहे. शाळेला एक गच्ची असते. तिला कधीही कुलूप नसतं आणि आयुष्याचे सगळे निर्णय तिथेच होतात. एक सूचनाफलक असतो. त्यावर क्रमवारी लागते आणि कॅमेरा पहिल्या नावावरून दुसऱ्या नावावर इतक्या सावकाश उतरतो की तेवढ्यात आपल्याकडे एक पुरवणी परीक्षा होऊन जाईल. एक चोवीस तास उघडं दुकान असतं. तिथे रात्री बारा वाजता मुलं कागदी पेल्यात गरम पाणी ओतून नूडल्स खातात आणि एकमेकांशी खरं बोलतात. आणि हे सगळं असूनही अभ्यास होतोय की नाही अशी शंका प्रेक्षकाला येऊ नये म्हणून नाकातून रक्त येतं.

हे रक्त महत्त्वाचं. हुशार मुलगा रात्री दोन वाजता गणित सोडवत असतो, वहीवर टपकन लाल थेंब पडतो, मुलगा कागदाने नाक पुसतो आणि पुढचं गणित घेतो. आई नाही, डॉक्टर नाही. कोरियन मालिकेत घोळणा फुटणं हा आजार नसून अभ्यास पुरेसा झाल्याचा दाखला आहे. हे दृश्य पहिल्यांदा लागलं तेव्हा आमची आई ओरडली, "अरे, त्याला कांदा फोडून हुंगायला द्या आणि निजवा आधी!" वहिनी मात्र सोहमकडे वळून म्हणाल्या, "बघ. आणि तुझं नाक बघ कसं कोरडं ठणठणीत."

कोरियात एक जुनं वचन आहे. चार तास झोपणारा उत्तीर्ण, पाच तास झोपणारा अनुत्तीर्ण. ईशाने ते वाचून दाखवल्यावर सोहमने विचारलं, "आणि नऊ तास?" आई म्हणाली, "दुपारची धरून की सोडून?"

या सगळ्या मालिकांची महाराणी म्हणजे 'स्काय कॅसल'. जेटीबीसी वाहिनीवर नोव्हेंबर २०१८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिल्या भागाला पावणेदोन टक्केसुद्धा प्रेक्षक नव्हते. फेब्रुवारी २०१९ मध्ये विसावा आणि शेवटचा भाग लागला तेव्हा तो आकडा जवळजवळ २४ टक्क्यांवर गेला होता. कोरियातल्या केबलवरच्या कुठल्याही मालिकेला तोवर एवढं भाग्य लाभलं नव्हतं. विषय काय, तर शेजारणीच्या मुलाला कुठे प्रवेश मिळाला. या विषयावर २४ टक्के म्हणजे कमीच, असं वहिनींचं मत पडलं.

'स्काय कॅसल' ही एका विद्यापीठाच्या डॉक्टरांची आणि प्राध्यापकांची बंगल्यांची वसाहत. बंगले युरोपातल्या गढ्यांच्या धाटणीचे, आतल्या बायका मोत्यांच्या माळा घालून एकमेकींकडे हसत हसत हेरगिरी करणाऱ्या. पहिल्या भागात एका शेजारणीसाठी थाटाची मेजवानी होते. तिच्या मुलाला सोल राष्ट्रीय विद्यापीठात वैद्यकीयला प्रवेश मिळालेला असतो. मेजवानी देणारी हान सो-जिन हे सगळं प्रेमापोटी करत नसते. तिला त्या मुलाची फाइल हवी असते. कोणत्या स्पर्धा, कोणते उपक्रम, कोणती शिफारस, असा सगळा मार्ग त्या फाइलमध्ये असतो. सो-जिनच्या सासरी दोन पिढ्या डॉक्टर झालेल्या आहेत, तिसरी व्हायची आहे आणि सासूने सूनबाईंना ठणकावलेलं आहे. स्वतः सो-जिन सिडनीतल्या एका बँकप्रमुखाची मुलगी म्हणून वावरते. प्रत्यक्षात तिचे वडील बाजारात जनावरांचं रक्त विकायचे. म्हणजे मुलीने खरे मार्क मिळवावेत म्हणून जिवाचं रान करणाऱ्या बाईचा स्वतःचा दाखलाच खोटा.

पहिल्या भागाच्या शेवटी ती मेजवानीतली यशस्वी आई जीव देते. मुलगा प्रवेश मिळवून घर सोडून गेलेला असतो, आणि जाताना आईबापांचा किती राग साठला होता ते सांगून गेलेला असतो. हे कळल्यावर कुठलीही शहाणी बाई त्या वाटेला जाणार नाही. सो-जिन तरी काय करते? त्या मुलाला घडवणाऱ्या बाईला जाऊन कानाखाली वाजवते. आणि पुढे लेकीचा नंबर धोक्यात येतोय असं दिसलं की त्याच बाईपुढे गुडघे टेकते. आईची प्रतिक्रिया तात्काळ होती : "म्हटलं नव्हतं, ही परत जाईल म्हणून? नंबराचं व्यसन दारूहून वाईट."

त्या घडवणाऱ्या बाईचं नाव किम जू-यंग. हुद्दा कोऑर्डिनेटर. काळे कपडे, केस असे घट्ट ओढून बांधलेले की त्यांच्याबरोबर भुवयाही वर गेलेल्या. किम सो-ह्यंग या अभिनेत्रीने ती अशी उभी केली आहे की ती नुसतं "आई" म्हणून हाक मारते तेव्हा समोरच्या बाईला घाम फुटतो. ती स्वतः काहीच शिकवत नाही. गणिताला कोण, इंग्रजीला कोण, कुठल्या मंडळात जायचं, शाळेच्या विद्यार्थी निवडणुकीत कधी उभं राहायचं, कुणाशी स्पर्धा करायची आणि कुणाला पाडायचं, हे सगळं ती ठरवते. अशा बायकांची गाठ पडते ती बँकेने आपल्या अतिश्रीमंत खातेदारांसाठी ठेवलेल्या खास कार्यक्रमात, आणि तिथे आईबाप कोऑर्डिनेटर निवडत नाहीत, कोऑर्डिनेटर मूल निवडते. आपली बँक आपल्याला दिवाळीत एक कॅलेंडर देते, तेही मागितलं तर.

शेजारच्या बंगल्यात कायद्याचे प्राध्यापक चा मिन-ह्योक राहतात. त्यांनी घरात एक भलामोठा पिरॅमिड आणून ठेवला आहे. जुळ्या मुलांना त्यापुढे बसवून ते समजावतात की जग असं असतं आणि आपण कुठे पोचायचं, तर टोकाला. टोकावर एका वेळी एकच माणूस बसू शकतो आणि त्यालाही ते टोचतंच, हा विचार प्राध्यापकांच्या मनात येत नाही. वहिनींच्या माहेरी टीव्हीशेजारी असाच एक छोटा पिरॅमिड आहे. "आपल्याकडे वास्तुदोष जावा म्हणून ठेवतात," त्या म्हणाल्या. इथे मात्र पिरॅमिडच वास्तुदोष होता. प्राध्यापकांची थोरली लेक हार्वर्डला शिकते म्हणून बाप नसलेल्या मिशीला पीळ देत फिरतो, आणि पुढे कळतं की लेक अमेरिकेत होती हे खरं, हार्वर्डमध्ये मात्र कधी नव्हतीच. तिने बापाला हवी तेवढी उंची नुसत्या थापांनी गाठून दिली होती. त्या घरात खरी हुशारी तिच्याकडेच होती, असं माझं मत आहे. वहिनींसमोर ते मी मांडलेलं नाही.

आता येतं ते कपाट. सो-जिनची लेक ये-सो हिच्या खोलीत अभ्यासाची एक लाकडी खोपटी आहे. उभ्या कपाटाएवढी. आत एक टेबल, एक दिवा, एक खुर्ची. मुलगी आत गेली आणि दार लावलं की जगाशी संबंध संपला. बघताना आपल्याला वाटतं की मालिकेने काय जळजळीत चपराक ओढली आहे! लेकरू अक्षरशः पेटीत बंद! कोरियातल्या आईबापांना काय वाटलं? त्यांना वाटलं, ही पेटी कुठे मिळते? मालिका संपता संपता 'ये-सोचं टेबल' या नावाने त्या खोपटीला गिऱ्हाइकं येऊ लागली. मालिकावाल्यांनी आरसा धरला आणि लोकांनी त्याची चौकट केवढ्याला मिळते ते विचारलं.

कोरियन लोकांना हसायचं काही कारण नाही, कारण अकराव्या भागानंतर आमच्या वहिनींनीही तेच विचारलं.

"भाऊजी, असलं काही आपल्याकडे कुठे मिळत असेल हो?"

"वहिनी, पण त्या पेटीतल्या मुलीचं पुढे काय होतं ते बघा तरी."

"बघितलं की. पहिली येते."

"ते मध्ये. शेवटी पेपरफुटी निघते, एका मुलीचा जीव जातो, पोलीस येतात, हिला शाळा सोडावी लागते."

"शेवट मालिकेचा असतो हो," वहिनी म्हणाल्या. "आपल्याला अकराव्या भागापर्यंतचंच घ्यायचंय."

दुसऱ्याच रविवारी सुतारकाका आले. त्यांना टीव्हीवर खोपटी दाखवण्यात आली. त्यांनी ती थांबवून, पुढे-मागे करून, चष्मा वर-खाली करून पाहिली. "माल काय लावायचा?" "हवेला भोकं वर पाडू की मागे?" "कडी आतून की बाहेरून?" या शेवटच्या प्रश्नावर वहिनी जरा जास्तच वेळ विचारात पडल्या. सुतारकाकांनी डोकं खाजवत विचारलं, "ताई, आत नक्की ठेवणार काय? पोर की गॅस सिलिंडर?" मग त्यांनी पोराचं माप घेतलं आणि धंद्याच्या प्रामाणिकपणाने सांगितलं की मुलगा वाढत्या अंगाचा आहे, वर्षभरात तोकडं पडेल आणि लाकडाला दुमड घालून ठेवता येत नाही. वहिनी त्यालाही तयार होत्या. बेत फिसकटला तो सोहममुळे. इतका वेळ गप्प असलेला मुलगा एकदम उत्साहाने म्हणाला, "काका, आत चार्जिंगचा पॉइंट द्या. दाराला फट नको." वहिनींनी सुतारकाकांना चहा देऊन परत पाठवलं.

सगळ्या मालिका इतक्या झगमगीत नसतात. केबीएस वाहिनीने १९९९ साली 'स्कूल' नावाची मालिका काढली आणि मग पिढी बदलली की नवी काढत राहिली : २०१३, २०१५, २०१७, २०२१. नावापुढे साल घालून दरवेळी नवी आवृत्ती बाजारात आणायची, ही आपल्याकडच्या अपेक्षित प्रश्नसंचांची पद्धत. प्रश्न तेच, मुखपृष्ठ वेगळं. यातली 'स्कूल २०१३' ईशाच्या मते सर्वांत चांगली, कारण तीत ली जोंग-सुक आणि किम वू-बिन हे दोघेही आहेत. दोघेही इतके उंच की वर्गातल्या बाकांची दया येते. ईशाची तक्रार एवढीच की दोघांपैकी एकालाही धड प्रेमात पाडलेलं नाही. निर्मात्यांनी मालिका प्रेमकथेविनाच चालवली आणि तरी ती चालली.

गोष्ट आहे एका साध्या शाळेतल्या, निकालात तळाला असलेल्या वर्गाची. जांग ना-रा ही अभिनेत्री त्यात कंत्राटी शिक्षिका झाली आहे. मुलांना साहित्य कळावं, मुलं माणसं म्हणून वाढावीत, असं तिला वाटतं, त्यामुळे तिला कुणी विचारत नाही. निकाल सुधारायला म्हणून शाळा गांगनाममधल्या खासगी क्लासचा नामांकित मास्तर आणते आणि दोघांना त्याच वर्गाचे जोडीने वर्गशिक्षक करते. बाई कविता वाचून दाखवतात. मास्तर त्याच कवितेवर प्रश्न कसा येतो ते सांगतो. 'कवीला काय म्हणायचे आहे' हा प्रश्न तिथेही आहे आणि कवीला खरंच काय म्हणायचं होतं याची फिकीर तिथेही कुणाला नाही. पालकसभेतल्या आया मास्तरांच्या बाजूने. तिथे एक आई उठून बोलू लागली तेव्हा आमच्या घरातल्या तिघींनी एकदम मान डोलावली. भाषा कोरियन, पण सूर शंभर टक्के आपल्या पालकसभेचा : आधी "आमची तक्रार अशी काही नाही," आणि मग तक्रार.

या मालिकेचा शेवट मला आवडतो. वर्षाचा शेवटचा दिवस, सगळी मुलं आलेली, एक वाह्यात मुलगा तेवढा आलेला नाही आणि हे दोघे मास्तर-मास्तरीण वर्गात त्याची वाट बघत थांबतात. संपली मालिका. वहिनी रिमोट हातात घेऊन बसून राहिल्या. "म्हणजे? तो आला की नाही?" कुणालाच माहीत नव्हतं. "आणि त्या वर्गाचा निकाल?" तोही नव्हता. निकाल न लावता संपणारी शाळेची गोष्ट वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती. त्यांना फसवल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या तऱ्हेची मालिका म्हणजे २०२३ ची 'क्रॅश कोर्स इन रोमान्स'. हिच्यात गणिताचा एक तारांकित मास्तर आहे. त्याच्या कमाईमुळे त्याला 'एक लाख कोटी वॉनचा माणूस' म्हणतात. त्याच्या क्लासला पुढची जागा मिळावी म्हणून आया पहाटेपासून रांग लावतात. मुलांसाठी मास्तर, मास्तरांसाठी रांग आणि रांगेसाठी आई. मास्तरांचे पोस्टर, मास्तरांचे चाहते, मास्तरांचे हेवेदावे, सगळं सिनेनटाच्या थाटात. आणि या माणसाला रात्री झोप येत नाही, अन्न पचत नाही. लाखो मुलांची झोप उडवणाऱ्याला झोपेविना ठेवून लेखिकेने न्याय केला आहे. शेवटी त्याला अन्न पचतं ते एका भाजी-तोंडीलावण्याच्या दुकानातलं. दुकानाची मालकीण पूर्वी हँडबॉल खेळलेली, गणितात शून्य, मनाने मोठी. आमच्या आईने दुसऱ्याच भागात निकाल देऊन टाकला : "हिच्या हातचं पचतं ना? मग लग्न करून मोकळा हो. पंधरा भाग कशाला घालवतोयस?"

कोरियाची खरी गंमत अशी की मालिका कितीही वाढवून सांगू दे, देश तिच्याही पुढे असतो. सुनुंगच्या दिवशी दुपारी इंग्रजी ऐकण्याचा भाग सुरू झाला की सुमारे ३५ मिनिटं देशभरात विमानं उतरत नाहीत आणि उडत नाहीत. आकाशात असतील ती वर घिरट्या घालत बसतात. शेअर बाजार एक तास उशिरा उघडतो, कचेऱ्या उशिरा सुरू होतात, ज्याला उशीर झाला त्या मुलाला पोलीस मोटारसायकलवर बसवून केंद्रावर सोडतात. पोलिसाच्या मागे बसून परीक्षेला जाणं आणि पोलिसाबरोबर परीक्षेतून बाहेर येणं, यातलं दुसरं आपल्याला अधिक परिचयाचं. पेपर काढणारे प्राध्यापक तर आधीच महिन्याहून जास्त काळ अज्ञात ठिकाणी बंदिस्त असतात. फोन नाही, बाहेर पाऊल नाही. परीक्षा संपेपर्यंत सुटका नाही. २०१७ साली पोहांगला भूकंप झाला, ऐन आदल्या दिवशी परीक्षा आठवडाभर पुढे गेली आणि यांची शिक्षाही आठवडाभराने वाढली. पेपर कठीण काढणाऱ्यांना कोंडून ठेवावं ही आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याची इच्छा कोरियाने सरकारी खर्चाने पुरी केली आहे.

परीक्षेआधी चिकट खायचं, चिकीवजा मिठाई किंवा चिकट तांदळाची पिठुळी, म्हणजे मूल कॉलेजात चिकटून बसतं. समुद्री शेवाळाचं सूप वर्ज्य, कारण ते बुळबुळीत आणि मूल घसरतं. आमच्याकडच्या दहीसाखरेला एका नव्या शास्त्राचा पाठिंबा मिळाल्याचं आईला समाधान वाटलं. आया शंभर दिवस आधीपासून देवळात प्रार्थना सुरू करतात. देगू शहराजवळ डोंगरावर गातबावी नावाची बुद्धाची जुनी मूर्ती आहे. तिच्या डोक्यावरचा सपाट दगड पदवीदानाच्या टोपीसारखा दिसतो असं म्हणतात, म्हणून तिथे सर्वाधिक गर्दी. घरदार, मूलबाळ आणि राज्य सोडून निघून गेलेल्या बुद्धाकडे मुलाच्या प्रवेशाची चिठ्ठी घेऊन जाणं धाडसाचं आहे, पण आई ती आई.

खलनायकावर खटला भरता येत नाही असं कुणी समजू नये. २०२३ च्या परीक्षेत सोलमधल्या एका केंद्रावर घंटा दीड मिनिट आधी वाजली. मुलांनी सरकारवर दावा ठोकला आणि प्रत्येकी दोन कोटी वॉन नुकसानभरपाई मागितली. आपल्याकडे शेवटची दहा मिनिटं पर्यवेक्षक "चला, आवरा आता" म्हणत दोरा हातात घेऊन डोक्यावर उभे असतात. त्या हिशेबाने अख्खा महाराष्ट्र आज कोट्यधीश असायला हवा होता.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असंही नाही. १९८० साली लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली. शिकवण्या बंद झाल्या नाहीत, चोरून चालू राहिल्या, आणि चोरीचा माल म्हणून महाग झाल्या. वीस वर्षांनी, २००० साली, घटना न्यायालयाने ती बंदी मोडीत काढली. मग सोलमध्ये नियम आला की रात्री दहानंतर खासगी क्लास चालवायचे नाहीत. दहाच्या ठोक्याला देची-दोंग या क्लासांच्या वस्तीत मुलं एकदम रस्त्यावर येतात आणि आईबापांच्या गाड्यांची रांग लागते, हे दृश्य मालिकांमध्येही हमखास असतं. दहानंतर दिवे मालवून शिकवणारेही निघाले, तेव्हा २००९ मध्ये सरकारने बक्षीस लावलं : नियम मोडणारा क्लास पकडून द्या, पैसे मिळवा. लोक छुपे कॅमेरे घेऊन निघाले. आणि मग कोरियाने आपल्या प्रतिभेचा कळस गाठला. छुपे फोटो कसे काढायचे आणि बक्षीस कसं मिळवायचं, हे शिकवणारे खासगी क्लास सुरू झाले!

हे वाचून मी सोफ्यावरच्या सर्वांना मोठ्याने सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "फी किती असते त्याची?"

२०२३ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः लक्ष घालून परीक्षेतले अतिकठीण, 'किलर' म्हटले जाणारे प्रश्न काढून टाकायला लावले. हेतू असा की क्लासची गरज कमी व्हावी. २०२४ चा हिशेब आला तेव्हा खासगी शिकवण्यांवरचा खर्च २९ लाख कोटी वॉनच्या वर गेला होता आणि दर दहा विद्यार्थ्यांतले आठ क्लासला जात होते. कठीण प्रश्न आता नेमके कुठले येतील हे सांगायला कुणीतरी लागणारच ना.

या साऱ्यावर कोरिया स्वतःच किती वर्षं टीका करतो आहे! 'आनंद काही मार्कांच्या क्रमाने मिळत नाही' अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट तिथे १९८९ मध्येच निघाला. म्हणजे सुनुंग जन्माला यायच्या चार वर्षं आधी तिच्यावरची टीका तयार होती. तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी एक मालिका येते, लोक रडतात, वर्तमानपत्रं अग्रलेख लिहितात, आणि सोमवारी मुलं क्लासला जातात. 'स्काय कॅसल'च्या शेवटच्या भागात सगळे आईबाप एका दमात सुधारले तेव्हा तिथले प्रेक्षक चिडले. वीस भागांतलं सगळं खरं वाटलं, आईबाप सुधारले एवढंच खोटं वाटलं. प्रेक्षकांचं चुकलं असं मला वाटत नाही. अशी मालिका बघणारं प्रत्येक घर ती धडा म्हणून लावतं आणि माहितीपत्रक म्हणून बघतं. कुणाचा हात मुलाच्या पाठीवर जातो, कुणाचा डोळा त्या कपाटाकडे जातो. आमच्या डोंबिवलीत 'स्काय कॅसल' लागली असताना पाच भागांनंतर सोहमला तीन नव्या स्पर्धापरीक्षांचे अर्ज भरून झाले होते. कोटा आणि लातूर यांच्यामध्ये कुठेतरी, सोफ्यावर बसल्या बसल्या, सोलही आमच्या नकाशात आलं.

म्हणून या मालिकावाल्यांना माझी एक नम्र सूचना आहे. पहिल्या नंबराला खूप छळून झालं, शेवटच्या बाकावरच्याला खूप सुधारून झालं. आता सतराव्या नंबरावर एक मालिका काढा. मुलगा सतरावा. गेल्या वर्षीही सतराव्याच जागी, पुढच्या वर्षी कदाचित सोळावा. त्याच्या नाकातून रक्त येत नाही, तो गच्चीवर जातो तो वाळत घातलेले मोजे आणायला. त्याचे वडील त्याला "जेवलास का?" एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतात. सोळा भाग काहीही घडत नाही. प्रायोजक मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. क्लासवाले जाहिरात देणार नाहीत, फर्निचरवाले तर ढुंकून बघणार नाहीत. तरी प्रेक्षक हवेच असतील तर एक युक्ती सांगतो. पहिल्याच भागात, सुनुंगच्या आदल्या रात्री, त्या मुलाची आई गाढ झोपून घोरताना दाखवा. इतकं धक्कादायक दृश्य कोरियन टीव्हीवर आजवर कुणी दाखवलेलं नाही. आमच्या वहिनी तर त्या एका दृश्यासाठी सोळाच्या सोळा भाग बघतील, ती बाई उठते कधी ते पाहायला.